शील कोणाचे भंगले?

वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा एक मथळा आहे : 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. गाव बदलते, हत्यार बदलते, मथळा तोच राहतो. या मथळ्यात संशय कोणाच्या चारित्र्यावर आहे? जी मेली तिच्या. ज्याने कुऱ्हाड चालवली त्याच्या चारित्र्याबद्दल मथळ्यात एक शब्द नाही. दुसरा मथळाही तसाच ओळखीचा : 'अल्पवयीन मुलीचे शील भ्रष्ट करण्याचा प्रयत्न'. गुन्हा केला दुसऱ्याने आणि भ्रष्ट झाले म्हणे मुलीचे शील!

आम्ही गेली वीस वर्षे बारामती आणि इंदापूरच्या कोर्टांत वकिली करतो, आणि रविवारी विहारात बसून पंचशील म्हणतो. आठवड्याचे सहा दिवस 'शील' हा शब्द एका अर्थाने कानावर पडतो आणि सातव्या दिवशी नेमक्या उलट अर्थाने. फिर्यादीत, उलटतपासात, पारावरच्या गप्पांत शील म्हणजे बाईच्या देहाशी बांधलेली, कोणीही हिसकावून नेऊ शकेल अशी वस्तू. विहारात शील म्हणजे माणसाने स्वतः होऊन स्वीकारलेले आचरण. हे दोन्ही अर्थ एकाच समाजाच्या तोंडात सुखाने नांदतात आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही. आम्हाला वाटते, आणि म्हणूनच हा लेख.

शील हा शब्द मुळात काय सांगतो ते आपल्या रोजच्या मराठीतच शिल्लक आहे. विचारशील, सहनशील, प्रयत्नशील, दानशील हे शब्द आपण दररोज वापरतो. यातल्या 'शील'चा अर्थ काय? ज्याला विचार करण्याची सवय आहे तो विचारशील. जो एकदा नव्हे तर सातत्याने प्रयत्न करतो तो प्रयत्नशील. म्हणजे शील ही अंगवळणी पडलेली कृती आहे. ते करावे लागते, पुन्हा पुन्हा करावे लागते. पेटीत जपून ठेवण्याचा तो दागिना नव्हे. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सील या पाली शब्दाची फोड 'सीलन' अशी केली आहे. कायेची आणि वाचेची कर्मे विस्कळीत होऊ न देता नीट धरून ठेवणे आणि सर्व कुशल गोष्टींना आधार होणे, असा त्याचा आशय आहे. त्यात स्त्री-पुरुष भेद नाही आणि देहाच्या पावित्र्याचा तर प्रश्नच नाही.

पंचशील घेताना आपण कोणते शब्द उच्चारतो याकडे धम्मबांधवांनी एकदा लक्ष द्यावे. प्रत्येक शीलात 'वेरमणी' येते, 'सिक्खापद' येते आणि शेवटी 'समादियामि' येते. वेरमणी म्हणजे अलिप्त राहणे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ, अभ्यासाचा नियम. समादियामि म्हणजे 'मी ग्रहण करतो', 'मी ग्रहण करते'. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. ते बापाने मुलीच्या वतीने म्हणायचे नाही, नवऱ्याने बायकोच्या वतीने म्हणायचे नाही, गावाने कोणाच्याच वतीने म्हणायचे नाही. ज्याचे त्याने म्हणायचे आणि ज्याचे त्याने पाळायचे.

यातून एक गोष्ट सरळ निघते. जे मी स्वतः घेतले ते मोडायचे असेल तर मलाच मोडावे लागते. दुसऱ्या कोणाला माझे शील मोडता येत नाही. कोणी माझ्या घरी चोरी केली तर माझे धन जाते, दुसरे शील माझे नव्हे, चोराचे मोडते. कोणी माझ्याशी खोटे बोलले तर फसतो मी, पण चौथे शील मोडते त्याचे. हा हिशेब सर्वांना पटतो. मग तिसऱ्या शीलापाशी येताच हिशेब उलटा का होतो? कोणी बाईवर अत्याचार केला तर तिचे शील भंगले असे आपण कोणत्या न्यायाने म्हणतो? धम्माच्या भाषेत बोलायचे तर त्या घटनेत एकच शील भंगले, ते अत्याचार करणाऱ्याचे. बाईच्या देहावर आणि स्वातंत्र्यावर घाला पडला, तिच्या माणूसपणाचा अपमान झाला. पण तिचे शील जसेच्या तसे आहे. त्याला बोट लावण्याची ताकद जगातल्या कोणत्याही गुंडात नाही.

मग शब्दाची ही चोरी झाली कशी? ब्राह्मणी व्यवस्थेने शब्द नष्ट केला नाही, त्याचा अर्थ लहान केला. पाचांपैकी चार शीले गळाली आणि एकच उरले. ते एकही सर्वांचे न राहता फक्त बाईचे झाले. आणि तिच्याही आचरणाचे न राहता तिच्या देहाचे झाले. आमची बारामती ही मोरोपंतांची बारामती. अठराव्या शतकात इथे बसून पंतांनी महाभारत आर्यांत उतरवले आणि शंभरावर रामायणे रचली. कवी म्हणून पंत मोठेच, पण पंतांसारख्या कवींच्या, पुराणिकांच्या आणि कीर्तनकारांच्या तोंडून ज्या सीता-द्रौपदी घराघरांत पोचल्या, त्यांच्याबरोबर पोचले ते पातिव्रत्य. शिवाजवळची सती, रामाजवळची सीता हा आदर्श इतका पक्का झाला की 'शीलवती' म्हटले की पतिव्रता, दुसरा अर्थ डोळ्यांपुढे येईना. 'शीलवान' पुरुष मात्र सज्जन, सचोटीचा, शब्दाचा पक्का. एकाच शब्दाचे दोन तराजू.

या व्यवस्थेचा दुसरा जोडशब्द आहे 'कुलशील'. सोयरीक जमवताना आजही म्हातारी माणसे विचारतात, कुलशील कसे आहे? कुळाशी शीलाची अशी गाठ मारली की मग काम सोपे होते. वरच्या कुळात जन्मला तो आपोआप शीलवान आणि खालच्या कुळात जन्मला तो आपोआप संशयित. तथागतांनी ही गाठ अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवली आहे. दीघनिकायात सोणदंड सुत्त आहे. ब्राह्मण कशाने होतो, असे तथागतांनी सोणदंड ब्राह्मणाला विचारले. त्याने पाच गोष्टी मोजल्या : शुद्ध कुळ, मंत्रांचे ज्ञान, रूप, शील आणि प्रज्ञा. यातले काय वगळता येईल, असे विचारत गेल्यावर त्याने आधी रूप सोडले, मग मंत्र सोडले आणि शेवटी जन्मही सोडला. उरली ती शील आणि प्रज्ञा. बरोबरचे ब्राह्मण ओरडले, पण सोणदंडाला यापुढे काहीच सोडता येईना. कुळ गळून पडले तरी शील शिल्लक राहते, ही या संवादाची शिकवण आहे. आपण मात्र शील सोडून कुळ धरून बसलो आहोत.

महाराष्ट्रात या दोन तराजूंवर पहिला घाव घातला तो सत्यशोधकांनी. फसवल्या गेलेल्या विधवांना सगळे पुणे कुलटा म्हणत होते तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या बाईला कोणी तिचे चारित्र्य विचारले नाही. तिथे जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उघड सवाल केला की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? सत्यशोधकांतलेही काही जण या पुस्तकावर बिथरले, पण जोतिराव ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले.

बाबासाहेबांच्या बाबतीत तर शील हा शब्द केंद्रस्थानीच आहे. १९५४ साली मुंबईतल्या सभेत त्यांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू सांगितले, आणि विद्या, स्वाभिमान व शील ही आपली तीन उपास्य दैवते सांगितली. बाबासाहेबांच्या तोंडी शील येते ते शिकलेल्या माणसाच्या संदर्भात. विद्या शस्त्रासारखी आहे, ती शीलवानाच्या हाती रक्षण करते आणि शीलहीनाच्या हाती घात करते, असा त्यांचा सांगण्याचा रोख असे. तिथे देहशुचितेचा संबंध नाही, सचोटीचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या २२ प्रतिज्ञा त्यांनी दिल्या त्यांत चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार आणि मद्यपान यांचा त्याग आहे. लाखो स्त्री-पुरुषांनी या प्रतिज्ञा एकाच मैदानावर, एकाच वेळी, एकाच शब्दांत घेतल्या. बायकांसाठी वेगळी प्रतिज्ञा नव्हती.

आमच्या भागाला याचा एक जुना आणि कडवट संदर्भ आहे. बारामतीहून मोरगावमार्गे पुण्याकडे निघाले की जेजुरी लागते. खंडोबाला मुरळ्या सोडल्या जात. त्यांत बहुतेक मुली कोणाच्या? महार-मांगांच्या. देवाच्या नावाने सोडायच्या, गावाने वापरायच्या आणि मग त्यांनाच शीलभ्रष्ट म्हणायचे. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू करून या प्रथेविरुद्ध रान उठवले. मुरळ्यांची लग्ने लावून दिली. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, मुरळ्या आणि जोगतिणींची सभा घेतली आणि हे जीवन सोडा असे त्यांना निक्षून सांगितले. ते भाषण कठोर होते, आणि पोट कसे भरायचे या प्रश्नाला त्यात सोपे उत्तर नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण एक बारकावा महत्त्वाचा आहे. तुम्ही जन्माने किंवा देहाने बाटलेल्या आहात असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. तुम्ही उद्या सकाळपासून वेगळे जगू शकता, असे ते म्हणाले. शील आचरणात आहे, डागात नाही, हे मानणाराच असे म्हणू शकतो.

आता कायद्याकडे येऊ. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम १५५ चे पोटकलम ४ होते. बलात्काराच्या खटल्यात पीडित स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा त्याने आरोपीला दिली होती. आणि त्याच कायद्यात आरोपीचे काय? आरोपीचे चारित्र्य चांगले असल्याचा पुरावा चालत असे, आजही चालतो. आरोपीचे चारित्र्य वाईट असल्याचा पुरावा मात्र, त्याने स्वतः आपल्या चांगुलपणाचा दाखला दिल्याशिवाय, चालत नाही. म्हणजे पिंजऱ्यातल्या पुरुषाच्या चारित्र्याला संरक्षण आणि साक्ष देणाऱ्या बाईच्या चारित्र्याची चिरफाड! हे पोटकलम २००२ च्या दुरुस्ती कायद्याने गेले. तब्बल १३० वर्षे ते जिवंत होते.

त्या १३० वर्षांत काय घडले त्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हटले आणि आरोपी सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. एका भूमिहीन आदिवासी मुलीचे 'शील' मोजता मोजता न्यायव्यवस्थेने पोलिसांचे शील मोजायचे विसरून टाकले होते.

पुढे प्रवाह हळूहळू वळला. १९९० साली महाराष्ट्रातल्याच एका पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या बाईला लोक बदचलन म्हणतात तिलाही आपल्या देहावर आणि खासगीपणावर तितकाच हक्क आहे आणि तेवढ्या कारणाने तिची साक्ष फेकून देता येणार नाही. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीच्या प्रश्नावर पीडितेचे चारित्र्य गैरलागू ठरवले. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल असे बजावले. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांविषयीचे पूर्वग्रहदूषित शब्द निकालपत्रांतून हद्दपार करण्यासाठी एक पुस्तिकाही काढली.

तरी मूळ शब्द कायद्यात आजही आहेच. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मधला 'विनयभंग' नव्या न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये जसाच्या तसा आला. हा विनय नेमका काय, याचा घोळ १९६६ सालच्या एका निकालात दिसतो. अवघ्या साडेसात महिन्यांच्या बालिकेवर अत्याचार झाला होता. पंजाब उच्च न्यायालय म्हणाले, एवढ्या बाळाला लज्जेची जाणीवच नाही, तेव्हा विनयभंग होत नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मुधोळकर आणि न्यायमूर्ती बच्छावत यांनी बहुमताने हा निर्णय फिरवला. पण प्रश्न उद्भवलाच का? कारण कायद्याने गुन्हेगाराच्या कृत्याला नाव देण्याऐवजी पीडितेच्या कुठल्यातरी गुणाला नाव दिले. गुन्ह्याला 'लैंगिक हल्ला' म्हटले असते तर बाळाची लज्जा शोधण्याची पाळी आली नसती.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, शब्दांचा कीस काढून काय मिळणार? आम्ही काय मिळते ते सांगतो. खेड्यात अशी घटना घडली की घरातले पहिले वाक्य असते, 'पोरीची अब्रू जाईल, गप्प बसा.' अब्रू पोरीची जाणार असे शब्दानेच ठरवून ठेवलेले असते. म्हणून दोन दिवस जातात, आठ दिवस जातात. मध्ये पाटील-सरपंच येतात, मिटवामिटवी सुरू होते. मग कोणीतरी धीर देतो आणि फिर्याद दाखल होते. तोवर वैद्यकीय पुरावा गेलेला असतो. कोर्टात बचाव पक्षाचा पहिला मुद्दा काय? फिर्यादीला उशीर. उशिराचा खुलासा समाधानकारक नाही, संशयाचा फायदा आरोपीला. एका चुकीच्या शब्दापासून निर्दोष सुटकेपर्यंतची ही साखळी आम्ही कितीदा पाहिली आहे. अब्रू गुन्हेगाराची जाते, हे जर घरात आधीच रुजलेले असते, तर बाप त्याच रात्री पोरीचा हात धरून पोलीस ठाण्याची पायरी चढला असता.

सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या परिसरात हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. उघड्यावरच्या कोप्यांत राहणारी, पहाटे तीनला फडात जाणारी ती बाई. तिने तक्रार केली तर पहिला प्रश्न काय घडले हा नसतो, 'बाई कशी आहे?' हा असतो. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवऱ्याबरोबर कोयता चालवणाऱ्या बाईची लायकी काढायला गाव एका पायावर तयार. आणि ज्या काट्यावर तिने तोडलेला ऊस मोजला जातो तो काटा कोणी मारला, तर त्याला आपण शीलभ्रष्ट म्हणतो काय? त्याला 'हुशार' म्हणतो. दुसरे शील मोडणारा हुशार, चौथे शील मोडणारा पुढारी, आणि अन्याय सोसणारी बाई शीलभ्रष्ट!

चारित्र्य हे जातीचे हत्यार कसे होते हे खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियांका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची गावाने हत्या केली. त्यानंतर काय पसरवले गेले? सुरेखाताईंच्या 'अनैतिक संबंधां'ची कुजबुज. जमीन राखणारी, मुलांना शिकवणारी, पोलिसांपुढे साक्ष देणारी बौद्ध स्त्री. तिच्या याच शीलाचा गावाला राग होता. पण मेल्यावर तिलाच चारित्र्यहीन ठरवण्याचा डाव टाकला गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, पण विनयभंगाचा आरोप टिकला नाही आणि ॲट्रॉसिटी कायदाही लागू झाला नाही.

आणि मग २०१६ चे कोपर्डी. भीमा ओलांडली की कर्जत तालुका, इंदापूरकरांना ते गाव परके नाही. त्या लेकीच्या जातीवरून आणि आरोपींच्या जातीवरून महाराष्ट्र दुभंगला. काहींनी एका अख्ख्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आणि आपल्यातलेही काही, खरे सांगायचे तर, खाली मान घालून गप्प बसले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बजावले आहे की आपल्या टोळीपुरती, जातीपुरती नीती चोरांमध्येही असते. जी नीती फक्त आपल्या माणसांचे रक्षण करते ती समाजविरोधी होय. नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे. खैरलांजीला एक माप आणि कोपर्डीला दुसरे माप लावणारा आंबेडकरवादी असू शकत नाही. दोन्हीकडे पीडितांचे शील अभंग होते. दोन्हीकडे शील भंगले ते गुन्हेगारांचे.

चारित्र्याचे हे राजकारण बायकांपुरते थांबत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींना जन्मतःच दुर्वर्तनी ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटच्या आठवणी अजून विरलेल्या नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, संशय गेला नाही. आजही कुठे चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी धाड पडते. जयंती-निवडणुका आल्या की चॅप्टर केस होते आणि चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतला जातो तो वस्तीतल्या पोराकडून. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द कराव्या लागल्या, यावरून रोग किती खोल आहे ते कळावे. बाईचे शील देहावरून आणि भटक्याचे शील जन्मावरून. आचरण पाहायला कोणी तयार नाही.

आता आपल्या घरात डोकावू. बारामतीच्या आमराईपासून इंदापूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत लग्नपत्रिकेवर 'प्रज्ञा, शील, करुणा' छापलेले असते. त्याच लग्नात हुंडा मोजला जातो. जयंतीच्या मिरवणुकीत पाचव्या शीलाचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात ऐन साक्षीच्या दिवशी साक्षीदार फितूर होतो, तेव्हा चौथे शील मोडते आणि त्याची किंमत पुढच्या पीडिताला मोजावी लागते. विहाराच्या बांधकामाचा हिशेब तीन तीन वर्षे मांडला जात नाही. याबद्दल समाजाच्या बैठकीत 'शील' हा शब्द कोणी उच्चारत नाही. पण कोणाची लेक परजातीतल्या मुलाशी बोलताना दिसली की लगेच घराण्याचे शील आठवते, तिचे कॉलेज बंद होते, वर्षाच्या आत तिला उजवले जाते. मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली. तिची काही पाने आपण माजघरात जपून ठेवली आहेत काय?

शेजारच्या पिंपरीत कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८ साली आपल्याच जातपंचायतीच्या कौमार्यपरीक्षेविरुद्ध उभे राहून मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण माघार घेतली नाही. 'शील' या शब्दाची मुक्तता कशी करायची हे त्यांनी दाखवले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या आपण त्यांच्यापेक्षा मागे का राहावे?

वापर बदलला की अर्थ बदलतो, आता मागे कसे जायचे, असा प्रश्न भाषेचे जाणकार करतील. आमच्या चळवळीला तरी हा प्रश्न विचारू नये. 'जोहार मायबाप' म्हणणारी जीभ आम्ही 'जयभीम' म्हणायला शिकवली. 'धर्म' आणि 'धम्म' यातला फरक आम्ही अडाणी म्हाताऱ्यांच्याही मनात रुजवला. कोणी ठेवलेली नावे नाकारून स्वतःची नावे घेतली. ज्या समाजाने दोन पिढ्यांत आपली अख्खी शब्दसृष्टी बदलली त्याला एक शब्द परत मिळवणे जड नाही.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. फिर्याद लिहून देणाऱ्या आपल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी 'शीलभंग', 'अब्रू लुटली', 'बाटवली' हे शब्द लिहू नयेत. काय घडले ते सरळ लिहावे : हात धरला, कपडे फाडले, अत्याचार केला. ज्यावर हल्ला झाला ती तिची प्रतिष्ठा आणि तिचे देहस्वातंत्र्य आहे. व्यक्तीची प्रतिष्ठा हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेतच आहे, तो वापरावा. आपल्या वर्तमानपत्रांनी मथळे बदलावेत. 'चारित्र्याच्या संशयावरून' असे न लिहिता 'संशयखोर पतीकडून पत्नीचा खून' असे लिहायला एक शब्दही जास्त लागत नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' आहे, त्यातल्या शब्दांचा या दृष्टीने फेरविचार व्हावा अशी मागणी वकील संघांनी करावी. आणि विहारांत रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे एकेका शीलाचा मराठी अर्थ सांगावा. तिसऱ्या शीलाचा अर्थ सांगताना पहिल्या रांगेत मुलगे बसवावेत. ते शील त्यांनाही पाळायचे आहे, हे त्यांना आजवर कोणी नीट सांगितलेलेच नाही.

बांधवांनो, शील ही आमच्या मायबहिणींच्या पदराला बांधलेली गाठ नव्हे. ती प्रत्येकाने रोज सकाळी उठून स्वतःला घातलेली शपथ आहे. उद्या तुमच्या वस्तीत अशी घटना घडली आणि कोणी हळू आवाजात 'पोरीचे शील गेले हो' म्हणाले, तर तिथल्या तिथे त्याला अडवा आणि विचारा : शील कोणाचे गेले? पोरीचे नव्हे, त्याचे गेले. चल, त्याचे नाव लिहून द्यायला पोलीस ठाण्यात.

जयभीम!